हनुवटीचा साचा

३ मार्च
आज रुजू झाले! देगू शहरातलं एवढं मोठं इस्पितळ आणि गळ्यातल्या ओळखपत्रावर माझं नाव: बान हे-जू, जबडा-नियोजन विभाग. आईने समुद्रकाठच्या आमच्या उल्जिनहून सगळ्यांसाठी खेकडे दिले होते. बर्फ वितळून बसमध्ये शेजारच्या आजोबांचे बूट भिजले, तरी मी हसतच होते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. मासळीबाजारात आई सांगत सुटली आहे की पोरगी माणसांचे चेहरे परत बनवते.

काम असं: स्कॅनवरून रुग्णाची कवटी पडद्यावर उभी राहते. हाड कुठे कापायचं, कुठे सरकवायचं, ते आधी तिथे करून बघायचं. ठरलं की यंत्र प्लास्टिकचे साचे छापतं. साचा हाडावर बसवायचा आणि त्याच्या फटींतून करवत चालवायची, म्हणजे चूक होत नाही.

नव्या माणसाच्या कवटीचा स्कॅन काढून संग्रहात ठेवायची इथे रीत आहे. गिल जिन-आ माझ्याहून वरिष्ठ, तिला मी ओन्नी म्हणते, आपल्या ताईसारखं. ती म्हणाली, कवटी दे, मग जेवायला नेते. विभागप्रमुख ह्योन साहेबांनी माझी हनुवटी पडद्यावर फिरवून पाहिली आणि सुरेख आहे म्हणाले. त्यावर ओन्नी म्हणाली, बघ बाई, आमचे साहेब माणसाला हाडापर्यंत सोलल्याशिवाय कौतुक करत नाहीत.

९ मार्च
माझी पहिली रुग्ण, प्यो रान-ही. शाळेची बस चालवायची. गाठीमुळे खालचा जबडा जवळजवळ सगळा काढलाय. एक बाजू शाबूत असती तर ती आरशातल्यासारखी उलटवून दुसरी बनवली असती. तिची एकही उरली नाही, जुना स्कॅनही नाही. बोलता येत नाही, फोनवर लिहून दाखवते. मला लिहिलं, सुंदर नको ग, बसमधली पोरं बघून रडली नाहीत म्हणजे पुरे. यासाठीच तर मी शिकले. हिचा चेहरा मी उभा करणारच.

१२ मार्च
साहेब म्हणाले, संग्रहातून जुळेल असा जबडा निवड. त्या आकाराबरहुकूम तिच्याच पायाच्या हाडाचे तुकडे जोडता येतील. बरेच लावून पाहिले. सगळ्यांत चपखल बसला तो माझा. फार बरं वाटलं.

पुढच्या चौकटीत ‘हाड कुठून घ्यायचं’ असं होतं. तिथे नेहमी ‘पाय’ असतं. आज तिथेही माझं नाव आधीच भरलेलं दिसलं. साहेबांनीच भरलं असणार. मोठ्यांनी लिहिलेलं नव्या मुलीने कसं खोडायचं? असेल काही पद्धत, असं म्हणून योजना तशीच पुढे पाठवली.

१६ मार्च
दुपारी सगळे मिळून हाडांचं सूप प्यायला गेलो. ओन्नी एकदम ओरडली, अगं वेडे, ओठ भाजलाय तुझा, फोड आलाय, कळत नाही का? नव्हतं कळलं. खालचा ओठ आणि हनुवटी बधिर झालीय. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण सांगतात तशी.

प्यो बाईंनी लिहिलं, नसलेली हनुवटी खाजते हो. आणि पुढे हसरा चेहरा काढला.

१८ मार्च
साचे छापून आले. पायाचा साचा नव्हताच. एक तिच्या उरलेल्या टोकांचा. दुसरा माझ्या अख्ख्या जबड्याचा.

साचा हाडावरच बसतो, कातडीवर बसत नाही. तरी हनुवटीला लावून पाहिला. चपखल बसला. कातडी मध्ये आलीच नाही. दाब लागला नाही, काही जाणवलं नाही. आरशासमोर बराच वेळ तशीच उभी होते.

१९ मार्च
माझा नवा स्कॅन काढला. साच्याच्या फटी जिथे येतात तिथे हाडावर बारीक रेघा आहेत. प्यो बाईंच्या स्कॅनमध्ये दोन्ही टोकांना नवं हाड. तांदळाच्या दाण्याएवढं.

भीती वाटायला हवी. वाटत नाही.

२० मार्च
साहेबांना सांगितलं. ते गोंधळले. म्हणाले, मी त्या चौकटीला हातही लावला नव्हता. तुझं नाव पाहिलं, वाटलं, पोरीने स्वतःहून देऊ केलंय. अशा वेळी खोदून विचारलं तर तुझा अपमान झाला असता. वरपर्यंत सगळ्यांनी सही केली, सगळ्यांचे डोळे पाणावले.

खोडा म्हटलं. म्हणाले, साचा छापल्यावर योजना खोडता येत नाही.

ओन्नी रडली. म्हणाली, केवढं मन ग तुझं. आणि आता मागे फिरलीस तर त्या बाईला काय सांगायचं?

माझ्या टेबलावर कुणीतरी फुलं ठेवलीत.

२२ मार्च
शब्द तोंडातून सांडतात. नाही म्हणते, त्यांना ऐकू येत नाही. मान हलवली की हो समजून पाठीवर थोपटतात. खाल्लेलं ओघळतं, दुसऱ्या कुणीतरी पुसलं की कळतं —

प्यो बाईंची पट्टी सैल केलीय. खाली काहीतरी भरून आलंय.

२३ मार्च
घरी जायला निघाले. दारातूनच परत आणलं, फार मायेने. दमलीस तू, म्हणाले. निजवलं. शेजारच्या खाटेवर प्यो बाई. रेघा आता बोटाला लागतात. बोटाला लागतात, हनुवटीला नाही —

२४ मार्च
साहेब आले. सगळे आले. रीतीप्रमाणे शेवटचं विचारलं, संमती आहे ना? मी नाही म्हणायला तोंड उघडलं —

शेजारच्या खाटेवरून प्यो बाई हो म्हणाल्या. स्पष्ट. माझ्या आवाजात.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणी तिकडे पाहिलंच नाही, सगळे माझ्याकडेच — वही अजून हातात आहे, लिहून दाखवते, मोठ्या अक्षरात, मला नको — आधी तोंड पुसू दे, काहीतरी ओलं — हात हनुवटीशी नेला तर तिथे