मेणबत्तीची जागा

ओरेस्त, मेल्या,

हा शब्द लिहिला आणि खोडला. एरवी तुला हाकच तशी मारायचे, आता हात धजत नाही.

"तुमचा नातू बेपत्ता आहे," एवढंच तुझ्या पलटणीने कळवलं. पत्र टाकायला पत्ता नाही, तरी लिहिते.

आज चर्चमध्ये मेणबत्ती घेऊन उभी राहिले. जिवंतांसाठी वरच्या चौथऱ्यावर लावतात, गेलेल्यांसाठी खाली वाळूत. वर लावली आणि तू गेला असलास, तर तिकडे अंधारात बसशील. खाली लावली आणि तू असलास, तर मीच तुला पुरलं.

शेजारची स्तेफा म्हणाली, "मावशी, वरच लाव गं, मागे लोक खोळंबलेत."

"तुझा नवरा घरी घोरतोय, तुला घाई सुचणारच."

फादर म्हणाले, "आजी, देवाला सगळं ठाऊक आहे."

"मग विचारून सांगा. नाहीतर मध्ये तिसरी जागा करा."

मेणबत्ती तशीच घरी आणली. रशियनांनी वीजघर उडवल्यापासून दिवे नाहीत, म्हणून तिच्याच उजेडात बटाटे सोलले. सवयीने दोघांचे सोलले गेले. सगळे मीच खाल्ले.

कुठे असशील तिथे जेव.

तुझी आजी,
मेलानिया