डाव्या मडगार्डवरचा फोड

विदर्नसी, ३ नोव्हेंबर २०११

प्रिय डेस्मंड,
स. न. वि. वि. फोन सोडून पत्र लिहिते आहे म्हणून दचकशील, तर थोडा दचकच. आमचा फोन जिन्याखाली आहे, आणि विल्फ्रेडचा एक कान धड नसला तरी दुसरा कायम तिकडेच लागलेला असतो.

तुझ्या मेव्हण्याच्या गाडीला फोड आलेत. निवृत्त झाल्यावर घेतलेली ती ॲल्युमिनियमची लांबलचक गाडी. हिला जन्मात गंज चढणार नाही, असं त्याने मला लग्नात घेतल्या नसतील एवढ्या शपथा घेऊन सांगितलं होतं. डाव्या मडगार्डवर, मोटार क्लबच्या पितळी बिल्ल्याभोवती रंग फुगलाय. हा रोज टपालतिकिटं बघायचं भिंग घेऊन ओणवा होतो आणि बाटलीतल्या रंगाचा ठिपका लावतो. आठवड्यात फोड परत वर येतो, आणि शेजारी आपलं भावंडही आणतो.

आता खरं सांगते. तसलंच काहीतरी त्याच्या डाव्या कानामागे आहे. मसुराएवढं होतं, आता वाटाण्याएवढं झालंय. खपली धरते, निघते, उशीला रक्त लागतं. टोपी घासते म्हणतो. त्याच्या भावाच्या, हॅरल्डच्या पाठीवर असंच काही होतं. दाखवायला गेला आणि ईस्टरला आपण त्याला पोचवून आलो. तेव्हापासून विल्फ्रेडचं मत असं, की दाखवलं की सुरू होतं. मी डॉक्टरांचं नाव काढलं की तो गाडी पुसायला जातो. इतकी पुसलेली गाडी अख्ख्या यॉर्कशायरात नसेल.

मला फार भीती वाटते, डेस्मंड. तू गाडीचं निमित्त करून त्याला तुझ्या वर्कशॉपवर बोलाव. तुझं ऐकेल, कारण तू त्याची बायको नाहीस आणि डॉक्टरही नाहीस.

जोनवहिनीची गुडघेदुखी बरी असेल. एवढ्या वाईट बातमीनंतरही लोभ असू दे.

तुझी मॉरीन

•

कॉव्हेंट्री, ८ नोव्हेंबर

चि. मॉरीन,
अ. आ. (तू एकसष्टची झालीस तरी मोठ्या भावाचा हा हक्क मी सोडणार नाही.) पत्र पोचलं, जोनलाही वाचून दाखवलं. तिने केक करायला घेतला. ती घाबरली की केक होतो, हे तुला ठाऊक आहे.

आधी गाडीचं. तो बिल्ला बसवला कशाने, ते विचार. मला अंदाज आहे, तरी विचार. ॲल्युमिनियमवर लोखंडी स्क्रू मारला आणि वर समुद्राची खारी हवा असली, की दोन धातू एकमेकांना खायला लागतात. लोखंडासारखं तांबडं काही दिसत नाही. रंगाच्या खाली पांढरी भुकटी होते आणि माणूस वरून रंग लावून समाधान मानतो. वर दिसतो तो फोड असतो. पसारा खाली असतो.

दुसऱ्या गोष्टीबद्दल मी काय सांगू? मला पत्रा कळतो. पण तुझं पत्र वाचताना दोन्हीकडे एकच दिसलं. त्याला पाठव. माझ्या वर्कशॉपचा नियम त्याला आधीच सांग: रंग काढून पत्रा उघडा केला, की अस्तराचा पहिला हात मारण्याआधी मालकाने समोर उभं राहून तो बघायचा. न बघणाऱ्याची गाडी मी आजवर रंगवलेली नाही.

आशीर्वाद आहेतच, केकही पाठवतोय.

डेस्मंड

•

विदर्नसी, १४ नोव्हेंबर

प्रिय डेस्मंड,
स. न. वि. वि. केक पोचला. विल्फ्रेडने जोन घाबरल्याचा केक खाऊन तो छान झाल्याचं सांगितलं.

तुझा अंदाज बरोबर. शेजारचे थॅकरे त्यांच्या गाडीवर बिल्ला चुंबकाने चिकटवतात. आमच्या गाडीवर चुंबक बसेना, सरळ घसरून खाली पडला. थॅकरे हसले. आपली गाडी वरच्या दर्जाची असल्याचा हा पुरावा आहे, असं विल्फ्रेडने त्यांना ऐकवलं, आणि रागारागाने ड्रिल काढून बिस्किटांच्या डब्यातले दोन स्क्रू ठोकले. पाच हिवाळे झाले. दरवर्षी रस्त्यावर मीठ टाकतात, ते त्या भोकांत जाऊन बसतं.

तो यायला तयार झालाय, पण नियम त्याला रुचला नाही. मालकाने बघायलाच हवं का, असं त्याने मला दोनदा विचारलं. मी हो म्हटलं. मग त्याने टोपी जरा खाली ओढली.

मी उशांना गडद अभ्रे आणलेत, डेस्मंड. दुकानात पैसे देताना कळलं की मीही रंगाचा ठिपकाच लावते आहे. परवा पांढरे परत घातले. तेव्हापासून झोप नाही.

तो गुरुवारी निघतोय. त्याच्यावर रागावू नकोस, आणि माझ्यावर लोभ ठेव.

मॉरीन

•

कॉव्हेंट्री, १९ नोव्हेंबर

चि. मॉरीन,
अ. आ. विल्फ्रेड काल आगगाडीने निघाला, गाडी माझ्याकडे आहे. घरी पोचल्यावर त्याने काय सांगितलं असेल कुणास ठाऊक, म्हणून मी माझ्या बाजूने लिहितो.

बिल्ला काढला. फोडाच्या बऱ्याच बाहेरून खडूने गोल काढला. विल्फ्रेड लगेच म्हणाला की मी धंदा वाढवतोय, फोड तर एवढासा आहे. मी पॉलिशपेपर हातात घेतला. रंग सुटत गेला, सुटत गेला आणि पांढरी भुकटी खडूच्या रेघेपर्यंत पोचली. अख्ख्या तळव्याएवढी. तो बघत उभा होता. टाळाटाळ केली नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

मग त्याने विचारलं, वसंतात आणली असती तर? मी म्हटलं, निम्मं काम. आरपार गेलंय का, म्हणाला. मी म्हटलं, साफ केल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही, आणि सांगणारा खोटं बोलतो. तेव्हा त्याचा हात टोपीकडे गेला. मॉरीन, मी खाली वाकलेलो होतो आणि मला ते दिसलं. वाटाण्याएवढं राहिलेलं नाही.

मी त्याला स्टेनलेस तारेचा नवा ब्रश दाखवत राहिलो, का दाखवत होतो ते मलाच कळेना. लोखंडावर वापरलेला ब्रश इथे चालत नाही, वगैरे वगैरे. तो मान हलवत होता. दोघेही चहा विसरलो.

पत्रा आरपार गेलेला नाही. बाकी तू कळव. वाट बघतो. जोनचा दुसरा केक भट्टीत आहे.

डेस्मंड

•

विदर्नसी, २९ नोव्हेंबर

प्रिय डेस्मंड,
स. न. वि. वि. हे पत्र माझं आहे. मॉरीन शेजारी उभी राहून वाचते आहे, तेव्हा तिच्याबद्दल काही लिहिता येणार नाही.

मी परवा जाऊन आलो. डॉक्टरीणबाई पंचविशीतल्या दिसतात, पण हात थंड आणि ठाम आहेत. मी सांगितलं की टोपी घासते. त्यांनी टोपी हातात घेतली, आतून फिरवून पाहिली, आणि परत दिली. मग जांभळं पेन काढून कानामागे गोल काढला. मी म्हटलं, फोड तर एवढासा आहे. माझंच वाक्य माझ्या कानावर पडलं. गोल तुझ्या खडूसारखाच होता, बराच बाहेरून.

कापून तपासायला पाठवलंय. टाके आहेत. आरपार गेलंय का, ते मी विचारलं. तपासून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. तुम्ही दोघे एकाच ठिकाणी शिकलात का?

उत्तर अजून आलेलं नाही. पोस्टमन फाटकाशी आला की मी न्हाणीघरात जातो आणि मॉरीन दार उघडते. मला हॅरल्ड आठवतो. तो दाखवून मेला असं मी सगळ्यांना सांगत आलो. मॉरीन म्हणते, तो उशिरा दाखवून मेला. इतके महिने ती हे बोलली नव्हती.

मडगार्डला अस्तर मारून ठेव, उघडा पत्रा ठेवायचा नसतो हे कळलंय मला. रंग मात्र मारू नकोस. मालकाने समोर उभं राहून बघायचं, हा तुझाच नियम आहे. मी येईन तेव्हा मार.

लोभ होता, असेल. बिल्ला थॅकरेंना देऊन टाकला.

विल्फ्रेड