श्रीयुत प्रतिष्ठान यांचा एकोणीस वर्षांचा अनुभव

प्रिय खडूस,

अक्षर ओळखलंस ना? मीच आहे, भोंगा. पाकिटावर संस्थेचा शिक्का बघून तुला कुठल्यातरी ऑफिसचा कागद वाटला असेल. तो मी मुद्दाम मारला आहे, का ते शेवटी सांगते. दीड वर्ष आपण बोललो नाही. कॉलेजच्या कँटीनमध्ये आपण शेवटचं भेटलो तेव्हा दोघींच्याही हातात एकाच कंपनीचं नेमणूकपत्र होतं आणि मी ते नाकारणार असं म्हटल्यावर तू म्हणालीस, "समाजसेवा पोट भरलेल्यांनी करायची असते. तुझ्या घरात तू पहिली पदवीधर. तुला हे नखरे परवडणार आहेत का?" मी तेव्हा चहा अर्धा टाकून उठले. तुझ्या प्रश्नाचं उत्तर आता माझ्याकडे आहे, म्हणून लिहिते आहे. नीट बसून वाच, मला थोडक्यात काही सांगता येत नाही हे तुला ठाऊकच आहे.

आमची संस्था लोकांच्या कपाटांत पडून असलेली कानाची मशीन गोळा करते, दुरुस्त करते आणि ज्यांना विकत घेणं जमत नाही त्यांना देते. जागा म्हणजे एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत डॉक्टरबाई कान तपासतात. त्या निवृत्त आहेत, पण निवृत्त हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची कुणाची टाप नाही. मागच्या खोलीत दुरुस्तीवाले काका डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या तारा जोडत बसतात. त्यांना स्वतःला एका कानाने कमी ऐकू येतं आणि नको असलेली कामं नेमकी त्याच बाजूने येतात. मी तिसरी. माझं काम जगाला सांगायचं की आम्ही आहोत. पहिल्याच दिवशी डॉक्टरबाई म्हणाल्या, "नोकरदार लोकांची ती साइट आहे ना, तिथे आपल्याला उभं कर. मशीन विसरून गेलेली माणसं तिथेच सापडतील." घरी सांगितलं तर आबा म्हणाले, "दिवसभर फोनवर बोट फिरवायला पदवी लागते होय? मग आमचा टेम्पोचा क्लीनर डॉक्टरेटच आहे."

आणि खडूस, पहिल्याच आठवड्यात मी असा घोळ घातला की तू असतीस तर हसून लोळली असतीस. संस्थेचं पान करायच्या ऐवजी मी संस्थेच्या नावाने माणूसच नोंदवला. नावाच्या जागी संस्थेचं नाव आणि आडनाव 'प्रतिष्ठान'. स्थापनेचं वर्ष टाकलं, तर साइटने परस्पर हिशोब केला आणि जाहीर करून टाकलं की श्रीयुत प्रतिष्ठान यांना एकोणीस वर्षांचा अनुभव आहे. लोकांनी धडाधड अभिनंदन केलं. नोकऱ्या जुळवून देणाऱ्या एका बाईंचा निरोप आला, "सर, आपल्यासारख्या स्थिर उमेदवाराच्या शोधात आहोत. एका जागी एकोणीस वर्षं हल्ली कोण टिकतं?" काकांनी तो तीनदा वाचून घेतला. नंतर मी संस्थेचं रीतसर पान केलं, तरी श्रीयुतांना काढू द्यायला काका तयार होईनात. "एवढा अनुभवी माणूस आणि एका बटणावर घरी बसवता? त्यापेक्षा मला बसवा." म्हणून ते अजून आहेत. त्यांच्याकडे कोण डोकावून गेलं हे साइट मला नावानिशी दाखवते. त्यात पहिलं ओळखीचं नाव तुझं होतं. अंगठा नाही, बदाम नाही, नुसतं येऊन जाणं. सुरुवातीला तू जेवणाच्या सुट्टीत यायचीस. हल्ली सकाळी अकरा, दुपारी तीन, कधीही येतेस.

घोळ निस्तरल्यावर मी दुसरी चूक केली, आणि ती जास्त महागात पडली. मला वाटलं, लोकांच्या काळजाला हात घालायचा. मशीन लावल्यावर पहिल्यांदा आवाज ऐकून रडणाऱ्या आजींचा फोटो टाकला. बदामांचा पाऊस पडला, पण मशीन एकही आलं नाही. वर त्या आजी पुढच्या खेपेला म्हणाल्या, "माझा हसताना फोटो नव्हता का गं? शेजारीण विचारत होती, घरात काही वाईट घडलं का म्हणून." मी फोटो काढून टाकला आणि दोन दिवस विचार केला की या साइटवर माणूस येतो कशाला. तो येतो आपलं काम मिरवायला. मग त्याच्याकडे कामच का मागू नये? मी फोटोशिवाय चार ओळी लिहिल्या: 'दर गुरुवारी संध्याकाळी दोन तास बारीक सोल्डरिंग करणारा स्थिर हात हवा आहे. चहा मिळेल. काका टोमणे मारतील.' त्याच आठवड्यात तीन इंजिनियर दारात उभे. एकाने सांगितलं की मोठ्या हुद्द्यावर गेल्यापासून त्याने सोल्डरिंगची बंदूक हातात धरलेली नाही आणि तेच त्याला सगळ्यात आवडायचं. काकांनी त्याचा पहिला जोड बघून म्हटलं, "हुद्दा बरोबर दिलाय तुम्हाला." तरी तो येतोच आहे.

मग मी तशीच मागत सुटले. कानाचे साचे घेणारं कुणी हवं, बॅटऱ्यांचा जुना साठा असलेलं दुकान हवं, आणि ऑफिसांत मनुष्यबळ बघणारी अशी माणसं हवीत जी दारापाशी आमची पेटी ठेवतील आणि सहकाऱ्यांना विचारतील की तुमच्या घरातल्या गेलेल्या माणसाचं मशीन कुठे आहे. खडूस, प्रत्येक घरात एक खण असतो. टाकवत नाही, वापरता येत नाही, म्हणून मशीन तिथे पडून असतं. आज अकरा ऑफिसांत आमच्या पेट्या आहेत. गेल्या महिन्यात आबांना त्यांच्या मालवाहतुकीच्या ऑफिसात साहेबांनी विचारलं, "ती कानाच्या मशीनवाली तुमची मुलगी?" आबा घरी आल्यावर आईला म्हणाले, "हिचा फोन जुना झालाय, नाही?" हे झालं तुझ्या कँटीनमधल्या प्रश्नाचं उत्तर. पगार बेताचा आहे, पण वेळेवर येतो, आणि घरात मी कुणाची नजर चुकवत नाही.

पण आता खरी अडचण ऐक. पेट्या भरून येऊ लागल्या आणि आम्ही त्यांच्याखाली दबलो. उजव्या कानाचं, डाव्या कानाचं, कमी ताकदीचं, जास्त ताकदीचं, सगळं एका टेबलावर. एका निवृत्त शिक्षिकांना भलतंच ताकदवान मशीन गेलं. त्या दुसऱ्या दिवशी आल्या आणि म्हणाल्या, "बाई गं, सून भांडी घासत होती की युद्ध चाललं होतं?" आम्ही हसलो, पण डॉक्टरबाई हसल्या नाहीत. असा आवाज उरलासुरला कानही बिघडवतो. त्यातच पेट्या ठेवणाऱ्या ऑफिसांनी मिळून विचारलं आहे की आमच्या माणसांनी विश्वासाने दिलेलं मशीन नेमकं कुणाकडे पोचलं ते सांगा. प्रश्न रास्त आहे. महिनाअखेरपर्यंत उत्तर दिलं नाही तर पेट्या परत घ्या, असंही त्यांनी सभ्य शब्दांत कळवलं आहे. जग गोळा करणं मला जमलं, त्याला कप्प्यांत लावणं मला सात जन्मांत जमणार नाही. कॉलेजच्या ग्रंथालयाची फेरमोजणी आठवते? मी पुस्तकं वाचत बसले होते आणि तू कपाटांना रंगीत चिठ्ठ्या लावून अशी शिस्त बसवलीस की ग्रंथपाल तुला घाबरू लागले. कंपनीतही तू तेच करायचीस, कुठला माल कुठून निघाला, कुठे अडला, कुणाच्या हातात पडला.

आता ते, जे लिहायला मी इतकी पानं फिरले. गेल्या मंगळवारी बारावी पेटी ठेवायला मी तुझ्या कंपनीत गेले होते. स्वागतकक्षात तुझं नाव सांगितलं. तिथल्या मुलीने आवाज खाली आणून सांगितलं की तो अख्खा विभाग तीन महिन्यांपूर्वीच बंद झाला. साइटवर तू अजून तिथेच आहेस. मी तशीच तुझ्या घरी गेले. काकू म्हणाल्या, "अगं, ती आठलाच डबा घेऊन जाते. हल्ली इतकं काम आहे की जेवतानासुद्धा बोलत नाही." मी म्हटलं, "हो काकू, तिच्याशिवाय तिथे पान हलत नाही." दुसरं काही बोलले नाही, कुणाला बोलणारही नाही. शिक्क्याचं पाकीट त्यासाठीच, काकूंच्या हाती पडलं तरी ऑफिसचंच वाटावं म्हणून. तू दिवसभर कुठे बसतेस, ते मी विचारत नाही. हे सांत्वनही नाही, तुला सांत्वन केलेलं आवडत नाही आणि मला ते येत नाही. मला माणूस हवा आहे, आणि या कामात तुझ्याहून पक्कं माणूस मी पाहिलेलं नाही. डॉक्टरबाईंशी बोलले आहे. सहा महिन्यांचं काम आहे, पगार तुझ्या आधीच्यापेक्षा कमी, टेबल खिडकीजवळचं, टोमणे फुकट. मनाला पटलं तर सोमवारी नेहमीसारखी आठला डबा घेऊन नीघ. काकूंना काय सांगायचं, कधी सांगायचं, ते तुझं तू ठरव. फक्त स्टँडवर गेलीस की या वेळी आमच्या बाजूची बस पकड. शेवटच्या थांब्यावर मी उभी असेन.

तुझीच,
भोंगा