उचकी थांबली

चिमणीच्या बाबास,

तुझा पत्ता नाही, तरी लिहितेय.

चिमणीला उचकी लागली होती, काही केल्या थांबेना. "बाबा आठवण काढतोय," मीच म्हणायचे. तू गेल्यापासून तिला द्यायला माझ्याकडे दुसरं होतंच काय? मग उचकी थांबेल या भीतीने ती पाणीसुद्धा पिईना. ओकाऱ्या सुरू झाल्या तेव्हा दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुखणं पोटाचं नाही, मेंदूचं आहे. शरीरच स्वतःच्या नसांवरचं आवरण खातंय. मुलांत ते असं उचकीतून क्वचितच दिसतं.

सलाईनमधल्या औषधाने काल उचकी थांबली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पोरगी मात्र भिंतीकडे तोंड करून रडतेय, "बाबा विसरला मला."

तूच सांग, आता तिला कोणतं खोटं सांगू?

चिमणीची आई