जिवंत साहेबांचा कावळा

पांडेसरा, सुरत
गुरुवार

तीर्थस्वरूप धुडकूमामांना भाचा पंडितचा साष्टांग नमस्कार.

आपला गुडघा कसा आहे? मामींची शुगर आटोक्यात आहे ना? इकडे सर्वांची तब्येत उत्तम आहे. माझीही आहे, पण ती घेऊन मिलमध्ये जायची हिंमत तीन दिवस होत नाही. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही आधी हसता आणि मग ऐकता. म्हणून पत्र.

एकोणीस वर्षं कलर रूममध्ये रंग कालवल्यावर मला सुपरवायझरच्या जागेची आस लागली, हे तुम्ही जाणताच. शेठ म्हणाले, इंग्रजी शिका, मग प्रभाकर साहेब ठरवतील. म्हणून मी इथल्या पर्वत पाटिया भागात इंग्रजीचा क्लास लावला (पहिल्या दिवशी पोरं मला सर समजून उभी राहिली). सध्या वाक्प्रचार चालू आहेत. इंग्रजीत बादलीला लाथ मारली की माणूस मरतो. (आम्ही दिवसभर बादल्यांनाच लाथा मारतो आणि संध्याकाळी जिवंत घरी येतो.)

तर सोमवारी सकाळी मॅनेजर साहेबांचा, म्हणजे प्रभाकर साहेबांचा, मिलच्या ग्रुपवर मेसेज आला, 'अंडर द वेदर'. एवढंच. ते तुमचे विद्यार्थी, त्यामुळे इंग्रजी उत्तम. (इतकं शिकवायची काय गरज होती, मामा?) आमचं सगळं खातं माझ्याभोवती जमलं. माझ्या हाताखालचा ललित म्हणाला, "पंडितभाऊ, काय लिखेल शे?" माझ्या वहीत 'अंडर'ची दोन वाक्यं एकाखाली एक आहेत. एकाचा अर्थ बरं नसणं, दुसऱ्याचा सहा फूट जमिनीखाली असणं. कुठला अर्थ कुठल्याचा, हे घाईत पाहायचं राहिलं आणि चाळीस माणसांसमोर वहीत बोट फिरवणं शोभलं नसतं. मी टोपी काढली. मेलेला माणूस मेसेज कसा करेल, असं कोणीतरी विचारलंही, पण घरच्यांनी त्यांच्या फोनवरून केला असेल, असं सर्वानुमते ठरलं.

मशिनी थांबल्या. गेटवर शोकसभा झाली आणि इंग्रजी मलाच कळत असल्यामुळे भाषणही मलाच करावं लागलं. मामा, मी खरोखर रडलो. रडता रडता बोलून गेलो की साहेबांनी मला सुपरवायझर करायचा शब्द दिला होता. ती इच्छा अपुरी राहिली तर दहाव्याला कावळा शिवायचा नाही. (शब्द दिला नव्हता. पण द्यायच्या बेतात आहेत, असं त्यांच्या भुवयांवरून वाटायचं.) आपल्या खान्देशच्या चाळीस माणसांपुढे कावळ्याचं नाव काढल्यावर कोण गप्प बसणार? सगळ्यांनी शेठकडे पाहिलं. शेठने डोळे पुसले आणि म्हणाले, "पंडितभाई, आजथी तमे सुपरवायझर."

मग टेम्पो करून शेठसकट आम्ही बावीस जण हार घेऊन साहेबांच्या दारावर गेलो. दार साहेबांनीच उघडलं. माकडटोपी, हातात काढ्याचा कप. त्यांना सर्दी झाली होती. ललितने हार त्यांच्या गळ्यात घातला आणि रडत त्यांनाच मिठी मारली. शेठने आनंदाच्या भरात कावळ्याची हकिगत साहेबांना सविस्तर सांगितली. साहेब माझ्याकडे बघत राहिले. त्या वेळी मात्र त्यांच्या भुवयांवरून काहीच वाटलं नाही.

तेव्हापासून मी घरी आहे. जागेचा मोह मी सोडला आहे. मामींना नमस्कार.

आपला,
पंडित

ता. क. १ : मोह सोडलेला नाही. काल साहेबांचा मेसेज आला, 'लेट्स बरी द हॅचेट'. बरी म्हणजे पुरणे आणि हॅचेट म्हणजे कुऱ्हाड. तुमची भाचेसून रंजना म्हणते, मिलमध्ये जाऊ नका. आपलं काय मत आहे?

ता. क. २ : लेक धनश्री आत्ताच कॉलेजातून आली. तिच्या मते याचा अर्थ, झालं गेलं विसरून जाऊ. म्हणजे जागा माझीच! पण ती यायच्या दहा मिनिटं आधी मी साहेबांना वहीतलं एक भारदस्त वाक्य पाठवून बसलो होतो, 'ओव्हर माय डेड बॉडी'. देहात प्राण असेपर्यंत तुमच्या आज्ञेत राहीन, असं मला म्हणायचं होतं. धनश्री म्हणते, त्याचा अर्थ, मी मेलो तरी ते होऊ देणार नाही. मेसेज पुसायला गेलो, तो फक्त माझ्याच मोबाईलमधून पुसला गेला.

म्हणून धनश्री या पत्राचा फोटो काढून तुम्हाला पाठवते आहे. साहेब एक वाजता, जेवण झाल्यावर मोबाईल उघडतात. आत्ता पावणेएक वाजला आहे. तुमचा शब्द ते मोडायचे नाहीत. ताबडतोब फोन करा, हसायचं नंतर बघू. आणि मामा, पाया पडतो, जे बोलाल ते मराठीत बोला.