नऊ नंबरचे बूट

९ जानेवारी
ह्यांचा फोन. वरच्या पोस्टवरून नाही, खालच्या फील्ड हॉस्पिटलातून. "पाय जरा गारठलेत, एवढंच." विचारलं, दुखतंय का? "नाही ना, तेच तर." मग रेंज गेली.
आईंना, म्हणजे सासूबाईंना, ह्यांना सर्दी झालीय एवढंच सांगितलं. भाकऱ्या केल्या.

१० जाने.
तळमजल्यावरचे कदमकाका फौजेच्या दवाखान्यात नर्सिंग असिस्टंट होते. त्यांना विचारलं. "गारठले म्हणजे बर्फाने धरलेत, वैशाली. फौजेत सरळ असतं बघ. आधी पोस्टवर मलमपट्टी, मग पलटणीचा डॉक्टर, मग फील्ड हॉस्पिटल, मग मोठं, शेवटी कमांडचं. थोडक्यात असलं तर तिथंच बरा करून परत वर चढवतात. जास्त असलं की मागे मागे धाडतात."
काकू म्हणाल्या, कशाला घाबरवताय पोरीला. घाबरले नव्हते. नुसती बसले होते.

१४ जाने.
संक्रांत. कॅम्प ३ च्या कारखान्यात जीन्सचे दोरे कापत होते तेव्हा मेसेज आला. विमानाने मोठ्या हॉ.त हलवलं. एक पायरी मागे.
शेठ म्हणाला, "क्या हुआ भाभी?" कुछ नहीं म्हटलं आणि उरलेला गठ्ठा संपवला. घरी येऊन तिळगूळ वाटला.

२१ जाने.
पुण्याला आणतायत, कमांड हॉ.त. लांबणारा इलाज असला की घराजवळ देतात म्हणे.
आईंना एवढंच सांगितलं, पुण्याला आणतायत. त्या एकदम हरखल्या. "पुणं म्हणजे आपलं घरच की गं! देव पावला." अंबरनाथ स्टेशनवरून पेढे आणले, अख्ख्या बिल्डिंगीत वाटले. कदमकाकांनी पेढा घेतला आणि तसाच हातात धरून उभे राहिले. माझ्याकडे बघत होते. मी नजर काढून घेतली.
आईंना सांगायला हवं होतं. माझ्या वाटणीचा पेढा खाल्ला.

२४ जाने.
पुण्याला जाऊन आले. डावा पाय ठीक. उजव्याची बोटं काळी, खारकेसारखी सुकलेली. रडू येईल वाटलं होतं, आलं नाही. ह्याचीच भीती वाटते.
डॉक्टर मॅडम मेजर आहेत. म्हणाल्या, "एवढ्यात कापायचं नाही. मेलेलं कुठपर्यंत आहे ते पायच सांगेल. महिना-दीड महिना थांबायचं."
हे म्हणाले, "नुसती बोटं गेली तर मेडिकल कॅटेगरी खाली येईल, पण पलटणीत राहीन. स्टोअरला का होईना. अर्धा पाय गेला तर मेडिकल बोर्डापुढे उभं करतील आणि घरी."
घरी हा शब्द असा उच्चारला, जशी काही शिक्षाच.
मला ते घरी हवेत. कसेही. बोलले नाही, पण तोंडावर दिसलं असणार. त्यांनी भिंतीकडे मान वळवली. मग निघेपर्यंत आम्ही जेवणाबद्दलच बोललो. डाळ पातळ असते.

२५ जाने.
आई विचारतात, कधी सोडणार? बघू म्हटलं.
जिन्यात काका भेटले. कमांडच्याही मागे काय असतं हो काका?
"त्याच्या मागे काही नसतं. घर."

१ फेब्रु.
सकाळी ह्यांचा फोन. येताना स्पोर्ट्स शूज आण, नेहमीचाच नऊ नंबर. डॉ. मॅडम काही बोलल्या का? "नाही. तू आण गं."
कामावरून सुटल्यावर कॅम्प २ च्या बाजारात गेले. दुकानदाराने विचारलं, "पहननेवाले को साथ नहीं लाए?"
बाहर हैं, म्हटलं.
"टेन्शन नहीं, भाभी. साइज आगे-पीछे हुआ तो आठ दिन में बदल देंगे."
महिन्याने आणले तर?
हसला. "इतना टाइम कौन देता है?"
नऊ नंबरचेच घेतले.