‘वेगळे ठेवावे’

उचगाव, ७ ऑक्टोबर १९१८, सोमवार
मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, तापाचा फलक चावडीवर लावला. चावडीचा कारकून मी; मजकूर माझा, अक्षर माझे. कचेरीच्या कागदात चार चुका होत्या, दुरुस्त केल्या. ‘आजाऱ्यास वेगळे ठेवावे.’ याहून सोपे मराठी ते काय? शाळा माझीही चौथीपर्यंतच. पुढचे आपले आपण.

८ ऑक्टो.
एकेका खोलीत सात-सात जण, मधोमध तापलेला माणूस! पाटलांना विचारले, फलक वाचून दाखवलात ना?
“दावला की. लोक म्हणत्यात, सरकारला आमची घरं फोडायची हैत.”
मूर्ख आहेत. दुसरा शब्द नाही.

१० ऑक्टो.
धाकटा भाऊ दत्तू तापला. म्हटले, तुला वेगळे ठेवतो, पडवीत. तटकन उठून बसला.
“अण्णा, मला वेगळं काढतोस? वाटणी मी कवा मागितली रं?”
त्याची बायको भांडी गोळा करू लागली. तो पोरांतच निजला आहे, तिन्ही पोरांत. ‘ठेवणे’ आणि ‘काढणे’ यांतला फरक कळू नये? संताप, संताप. स्वतःवर नव्हे.
(वरचे शेवटचे वाक्य खरे नाही.)

११ ऑक्टो.
गावची सुईण गंगाआक्का आली. तोंडाला पदर, अंगणातूनच,
“दत्तू, भाईर बस.”
“मी काय बाईमाणूस हाय व्हय, आक्का?”
“आमी म्हैन्याच्या म्हैन्याला बसतो, मेलो काय? ताट न्यारं, वाकळ न्यारी, पाणी वरनं, कुणी शिवायचं न्हाय. ह्ये शिकवाय फलक कशाला पायजे?”
भावजय रडता रडता हसली. दत्तू शिव्या घालत पडवीत गेला. आणखी चार घरांतले पुरुष आक्काने असेच बाहेर बसवले म्हणे.

१२ ऑक्टो.
पाटील म्हणतात, फलकावर तेच लिवा. साफ नकार दिला. असली भाषा सरकारी फलकावर? कचेरी हसेल.
कचेरीचे पत्रही आजच. औषध नाही, डॉक्टर नाही. ‘फलक लावल्याचा दाखला पाठवावा.’ माणसे मरताहेत, आणि यांना दाखला! हसू देत हसायचे तर.

१४ ऑक्टो.
दत्तूचा ताप तसाच. पोरे अजून धड.
फलक उतरवला, ‘वेगळे ठेवावे’ खरवडून काढले. ‘बाहेर’ की ‘भाईर’, आक्काचाच शब्द हवा, म्हणून तिच्या घरी गेलो. सुनेने उंबऱ्यातूनच हात केला.
“पुढं येऊ नगासा, अण्णा. आत्याबाई सकाळपासनं भाईर बसल्यात.”
आक्काचे वय पासष्ट.